भटूची पिकअप

कलावंत जातो तेव्हा मागे मौन ठेवून जातो. हे वाक्य माझं नाही. सुरतेत, नवागामच्या शोकसभेत अध्यक्षांनी ते डोळे मिटून दोनदा म्हटलं. त्यांच्या मागच्या फ्लेक्सवर 'स्वरसम्राट कै. भटूभाऊ' असं छापलं होतं, आणि त्यावर भटूच्या फोटोपेक्षा अध्यक्षांचा फोटो मोठा होता. भटू असता तर म्हणाला असता, "मास्तर, नेमकं गया कोन?" ...असो. वस्तुस्थिती अशी आहे की भटूने मौन वगैरे काही ठेवलेलं नाही. एक घरघर ठेवली आहे. ती रोज संध्याकाळी त्याच्या घरात चालू असते.

बातमी आली तेव्हा मी भेस्तानला माझ्या घरी होतो. दुपारची जेवणं आटोपली होती. त्याची बायको रेखा फोनवर म्हणाली, "नाना, जरा या. हे उठत नाहीयेत." रेखा माझ्याशी पुस्तकी मराठी बोलते, कारण मी शाळेत शिकवायचो. घाबरली किंवा चिडली की मात्र थेट अहिराणीवर येते. त्या दिवशी ती पुस्तकी बोलली, म्हणून मी निवांत चप्पल शोधत बसलो. भटू आणि मी नवागामच्या एकाच चाळीत वाढलो. दोघांचे बाप धुळ्याकडून आलेले, एकाच लूमच्या खात्यात कामाला. खातं म्हणजे कारखाना. सुरतेत शिकलेला पहिला शब्द तोच. भटू पुढे इच्छापोरला ठेकेदारीत इलेक्ट्रिशियन झाला आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांत, हळदीत, कानबाईच्या विसर्जनात गिटार वाजवू लागला. कानबाईची गाणी त्याच्या गिटारमधून अशी निघत की देवीने लवकर विसर्जन मागून घेतलं असतं. बायका तक्रार करायच्या आणि नाचायच्याही.

आता त्या पिकअपविषयी सांगितलं पाहिजे, कारण त्याचा संसार तिच्यावर उभा राहिला. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक पट्टी असते. आत लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसाइतकी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वरची तार थरथरली की या गुंडाळीत वीज उठते आणि स्पीकरकडे जाते. या पट्टीला पिकअप म्हणतात. मराठीत हा शब्द पुल्लिंगी असावा, असं माझं मत. मी भटूला तसं सांगितलंही होतं. पण तो 'ती पिकअप'च म्हणायचा, आणि सुरतेत 'ती पिकअप' म्हणजे साड्यांचे गठ्ठे वाहणारी चारचाकी. तरुणपणी त्याने एक जुनी गिटार घेतली, तिची पिकअप मेलेली होती. त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला सुरुवात केली : "पिकअप ली राह्यनू. जुनीमा दम नही." महिन्याभरात त्याला स्थळं यायला लागली.

शिरपूरकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन तिच्या सुरतेतल्या मामाकडे उतरले, आणि बघण्याचा कार्यक्रम ठरला. भटूच्या बाजूने जाणता माणूस म्हणून मी होतो. चहा झाला, शेतीचं झालं, मग त्या गृहस्थांनी खिडकीतून गल्लीत डोकावून विचारलं, "पिकअप कोठे शे?" भटूला आनंदच झाला. इतक्या आस्थेने आजवर कोणी चौकशी केली नव्हती. सोबत आणलेल्या पिशवीतून त्याने पुठ्ठ्याची डबी काढली, कापूस बाजूला केला आणि ती काळी पट्टी त्या गृहस्थांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट केली. शेवटी ते म्हणाले, "चाकं कोठे शेतस?"

दाराशी उभी असलेली मुलगी फसकन हसली. इतकी हसली की तिची मामी तिला ओढत आत घेऊन गेली. मोडलेलं स्थळ समजून आम्ही घरी आलो, तर संध्याकाळी होकार. पुढे कधीतरी मी रेखाला विचारलं होतं, "काय बघून हो म्हणालीस?" ती म्हणाली, "आधी एक खऱ्या पिकअपवाला येऊन गेला होता, नाना. सगळा वेळ गाडीची किल्ली फिरवत बसला. यांनी निदान वस्तू हातात तरी दिली."

तीच पट्टी भटूने गिटारला बसवली, आणि ती स्वस्तातली असल्यामुळे जन्मभर घरघरली. त्याला ज्या जातीचा आवाज हवा होता, त्याला हाय गेन म्हणतात. म्हणजे बारीकसा स्वर अ‍ॅम्पमध्ये इतका फुगवायचा की त्याला काटे फुटावेत. अडचण अशी की फुगवताना निवड करता येत नाही. स्वर वाढतो, चूक वाढते, आणि भिंतीपलीकडच्या लूमच्या मोटारीही वाढतात. भटू अ‍ॅम्प चालू करायचा आणि काही वाजवायच्या आधीच घरभर 'घूंऽऽ' सुरू व्हायचं. तारांवर हात ठेवला की ते खाली उतरायचं, जवळजवळ बंद व्हायचं. हात काढला की पुन्हा वर. "मन्हा आंगमातून जमिनमा जास ते," असं तो मोठ्या अभिमानाने सांगायचा, जणू घरघरीला वाट देणं हे त्याने कमावलेलं कौशल्य होतं.

हृदयाने दगा दिल्यावर त्याला इच्छापोरचं काम सोडावं लागलं. डॉक्टर म्हणाले, उत्तेजित होऊ नका. म्हणून त्याने नवी पिकअप निवडायला घेतली. त्याच्या मते हा शांत उद्योग होता. मी त्याच्याकडे गेलो की मोबाइलवर नमुने ऐकवायचा. ही सिरॅमिक चुंबकाची, हिचा मार जबर पण स्वर चिरका. ही अल्निकोची, गोड आहे पण जोरात वाजवलं की खालचे स्वर चिखल होतात. मला सगळ्या सारख्याच वाटायच्या. एकदा मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "तुले ऱ्हस्व-दीर्घ ऐकू येस, आन हाई नही येत?" मग बॅटरीवर चालणाऱ्या जातीवर येऊन तो थांबला. त्यात घरघर नाही. शेजारी अख्खं लूमचं खातं चालू असलं तरी नाही. भागळजवळचा दुकानदार म्हणाला, "मंगाववी पडशे, भटूभाई." भटूने लगेच मागवली. इतक्या वर्षांनी त्याला स्वच्छ आवाज मिळणार होता, आणि दुसरं काही त्याने डॉक्टरांकडे किंवा देवाकडे मागितल्याचं मला आठवत नाही.

ती बसवली त्या दिवशी मी तिथेच होतो. रेखा स्वयंपाकघरात साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. व्यापाऱ्याचा माल होता. भटूने अ‍ॅम्प चालू केला. काही नाही. इतकी शांतता की भिंतीपलीकडचे लूम पहिल्यांदा नीट ऐकू आले. भटू डोळे मिटून हसत होता. तेवढ्यात रेखा हाताला डिंक, तशीच धावत आली. "काय व्हयनं?" भटू म्हणाला, "काही नही. आवाज गया." ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्ही आठे शेतस का नही, माले कसं समजी?"

आम्हा दोघांनाही तेव्हा कळलं. तो आजारी पडल्यापासून ती आत बसून कान लावून असायची. घूं चालू म्हणजे नुसता बसलाय. उतरली म्हणजे हात तारांवर गेला. वर-खाली, वर-खाली... तिच्या लेखी तेच त्याचं हृदय होतं.

चार दिवस भटूने नव्या पिकअपवर वाजवलं. मला फोन करून ऐकवलंही, आणि पहिल्यांदाच मला फरक कळला. सुरेख वाजत होतं. पाचव्या दिवशी त्याने ती काढली, डबीत भरली आणि जुनी घरघरती परत बसवली. मी विचारलं तर म्हणाला, "नवीमा जीव नही, मास्तर." खोटं बोलत होता. चांगला बोलला.

तो गेला त्या दुपारी घूं चालू होती आणि मग उतरली. रेखाने ऐकलं. हात तारांवर गेला, आता वाजवतील. वाजवलं नाही. तिने एक पदर पूर्ण केला, दुसरा घेतला. घूं उतरलेलीच होती, म्हणजे तिच्या हिशेबाने तो तिथेच होता. ती बाहेर आली तेव्हा तो खुर्चीत होता आणि हात तारांवर तसाच होता... तेव्हा तिने मला फोन केला.

परवा मी गेलो होतो. गिटार भिंतीला टेकवलेली, अ‍ॅम्प चालू, खोलीत घूं भरलेली. रेखा तिथेच साडी घेऊन बसली होती. आता ती आत बसत नाही. मी म्हटलं, "त्रास नाही होत?" म्हणाली, "उलट. हात काढून चहाला उठलेत, असं वाटतं." मग थोड्या वेळाने उठून तिने तारांवर तळहात ठेवला. घरघर खाली उतरली. तिने हात काढला आणि पुन्हा टिकल्या लावायला बसली. आम्ही दोघं बराच वेळ त्या आवाजात बसलो. मला अध्यक्षांची आठवण झाली, पण ती फार टिकली नाही.

निघताना तिने फ्रिजवरची डबी माझ्या हातात दिली. "नाना, ही विकून टाका. आमच्या घरात चालत नाही." मी समाजाच्या ग्रुपवर मजकूर टाकला : पिकअप विकणे आहे, नवी, चारच दिवस वापरलेली. चांगले फोन येत आहेत. आतापर्यंत प्रत्येकाने एकच विचारलं आहे : डिझेल की सीएनजी?