जानकीने दिलेली राख

मिठबावच्या जानकीचा नवरा दर जत्रेत मरायचा.

दत्ताराम दशावतारी मंडळीत राक्षसाची कामं करी. कार्तिक लागला की जत्रा सुरू होत, आणि आज या गावी विष्णूच्या हातून, उद्या त्या गावी देवीच्या हातून, असा तो शिमग्यापर्यंत मरत राही. मरण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. मशालीवर राळ उडाली, भक्कन जाळ झाला, की अस्त्र सुटलं असं समजायचं. पण राळ काय, कोणीही उडवील. ते अस्त्र लोकांना खरं वाटे ते दत्तारामच्या पडण्यामुळे. आधी पायाचा अंगठा थरथरे, मग पोटरी, मग तो मागेपुढे झुले आणि माडावरून सुकी झावळ सुटावी तसा आडवा होई. बायका पोरांना पोटाशी धरत.

जानकीने मात्र हे मरण कधी पाहिलंच नव्हतं. राळेचा वास आला की ती मान खाली घाली, मंगळसूत्र मुठीत धरी आणि टाळ्या ऐकू येईपर्यंत रामेश्वराचं नाव घेत बसे. तो घरी आला की दारातच त्याच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकी, मगच उंबरा ओलांडू देई.

"सोंग आसा गो ता," दत्ताराम म्हणे.

"सोंग तुमचा. कुंकू माझा," ती म्हणे, आणि पाण्याचा तांब्या पुढे करी.

साठ सालानंतरची गोष्ट. चैत्रात मुंबईहून एक सिनेमा कंपनी मिठबावच्या किनाऱ्यावर उतरली. चंद्रावरून एक राजा यानातून येतो आणि पिस्तुलातून किरण मारून माणसांची जागच्या जागी राख करतो, अशी काहीतरी कथा होती. यान पत्र्याचं, पालथ्या हंड्यासारखं. पिस्तूल म्हणजे रंगपंचमीची पितळी पिचकारी, मागे टॉर्चचा दांडा आणि वर रेडिओची दोन बटणं. किनाऱ्यावरचा पहारेकरी किरण लागून मरतो, त्यासाठी गावातली पोरं घेऊन पाहिली, पण ती भाताचं पोतं टाकावं तशी पडत. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "मराक व्हयो तर आमचो दत्ताराम घेवा."

ठरलेल्या दिवशी दत्ताराम धुतलेलं धोतर नेसून हजर झाला. गाव लोटला होता. सुरूच्या झाडांखाली बायका बसल्या, त्यांत जानकी, आणि तिला चिकटून शेजारची हौसाबाई. या हौसाबाईला गप्प राहण्याचं वरदान देवाने दिलं नव्हतं.

चंद्रावरच्या राजाने पिचकारी रोखली. दत्ताराम थरथरला, झुलला, आणि गुडघ्यावर येऊन त्याने हात जोडले. "हे प्रभो, तुझ्या हातून मरण आलं, मी धन्य झालो. आता मला मोक्ष..."

"कट," दिग्दर्शक म्हणाले. सबनीस त्यांचं नाव, माणूस सज्जन, पण उन्हाने कावलेला. "हात कोणाला जोडलेत तुम्ही?"

"मारणाऱ्याक. मोक्ष मागूक नको?"

"अहो, तो चंद्रावरचा राजा आहे. विष्णू नाही."

"मगे तो माका मारता कित्याक? माझो अपराध काय?"

सबनीसांनी हातातले कागद उलटेपालटे केले. अपराध लिहिलेला नव्हता.

पुन्हा सगळं मांडलं. या खेपेला दत्ताराम पडलाच नाही. पिचकारीकडे बघत उभा राहिला.

"किरण खंय आसा?" त्याने विचारलं.

कॅमेरावाल्याने समजावलं, की किरण इथे नसतो. मुंबईला गेल्यावर फिल्मच्या एकेका चित्रावर सुईने रेघ ओरखडायची. पडद्यावर ती विजेसारखी दिसते.

"म्हणजे किरण मुंबयत, आणि मी हंय मराचा?"

बायकांत खसखस पिकली. जत्रेत राळेचा जाळ अंगावर येतो, त्याची धग लागते, मग माणूस मरतो. नुसत्या वाऱ्याने कसं मरायचं? शेवटी एकाने दाढीचा आरसा उन्हात धरला आणि कवडसा दत्तारामच्या छातीवर पाडला. तेव्हा कुठे त्याचा अंगठा हलला. आणि मग तो असा पडला, की चंद्रावरचा राजा आपल्या पिचकारीकडे बघत दोन पावलं मागे सरला.

जानकीची मान खालीच होती. "झाला?" तिने विचारलं.

"झाला. बरो मेलो," हौसाबाई म्हणाली.

पण झालं नव्हतं. किरणाने माणसाची राख व्हायची होती. युक्ती साधी होती. कॅमेरा जागचा न हलवता थांबवायचा, दत्तारामने उठून बाजूला व्हायचं, तो होता तिथे राखेचा ढीग घालायचा आणि कॅमेरा पुन्हा चालू करायचा. बघणाऱ्याला वाटतं, क्षणात माणसाची राख झाली. सबनीस बायकांकडे आले. "चुलीतली थोडी राख देईल का कोणी?"

"ही देतली. ही तेचीच बायल," हौसाबाईने बोट दाखवलं.

"मग तर उत्तमच," सबनीस म्हणाले, आणि वळले.

जानकी घरी आली आणि चुलीपुढे बसून राहिली. मरण एकवेळ ठीक, ते यांचं कामच. पण राख? नवरा जिवंत, धडधाकट, आणि बायकोने आपल्या चुलीतली राख त्याच्या नावाने वाळूवर ओतायची? नाही म्हणावं तर यांचं काम जातं, आणि सिनेमात दिसायच्या हौसेने हा माणूस चार रात्री झोपला नव्हता. तिने देव्हाऱ्याकडे बघितलं. देवापुढे वाटीभर अक्षता होत्या. तिला एकदम सुचलं. तांदूळ. तांदळासारखं शुभ दुसरं काय? लग्नात तांदूळ, ओटीत तांदूळ. घावन्यांसाठी जात्यावर काढलेली तांदळाची भरड होती, ती तिने खापरीवर करपेपर्यंत परतली. रंग हुबेहूब राखेचा आला. सूप झाकून ती निघाली तेव्हा तिचं मन अगदी स्वच्छ होतं. देवाला फसवलं नव्हतं, फक्त सिनेमावाल्यांना.

दत्ताराम उठून कॅमेऱ्यामागे जाऊन विडी ओढत बसला. त्याच्या जागी ढीग घातला. "राखेला वास बरा येतो," कॅमेरावाला म्हणाला, आणि कॅमेरा सुरू झाला.

खमंग वास वाऱ्यावर सुरूच्या झाडांपर्यंत गेला. झाडावर कावळे होते.

एक उतरला. मान वाकडी करून त्याने ढिगाकडे पाहिलं, पुढे उडी मारली, आणि चोच घातली.

सुरूखालून हौसाबाईचा आवाज आला. "शिवलो गो. लगेच शिवलो. काय एक इच्छा रवली नाय."

भाताचा पिंड आणि कावळा हे जानकीच्या डोक्यातच आलं नव्हतं. राख टाळायला गेली आणि नवऱ्याचा दहावा घालून बसली. ती उठली ती धावतच सुटली. पदर गळला, अंबाडा सुटला, एक वहाण वाळूत राहिली. "हुश्श मेल्या, हुश्श!" करत तिने स्वतःला त्या ढिगावर झोकून दिलं आणि दोन्ही हातांनी तो छातीशी कवटाळला.

"गो जानके, मी हंय आसंय," दत्ताराम विडी टाकून धावला, पण सबनीसांनी त्याचं धोतर धरून ठेवलं. कॅमेरा चालूच होता.

वर्षभराने मालवणात तंबूतल्या टॉकीजवर तो सिनेमा लागला. दोघं गेली. पिचकारीतून किरण सुटला, तो ओल्या भिंतीवर नखाने रेघ ओढावी तसा. तंबूतले लोक खो-खो हसले. दत्ताराम पडला, तोही निम्मा चंद्रावरच्या राजाच्या पाठीआड. आणि मग पडद्यावर मोकळ्या केसांची एक बाई धावत आली. "हुश्श मेल्या"च्या जागी कोणीतरी हिंदीत "स्वामी" असा टाहो फोडला होता. तंबूत हसणं थांबलं. पुढची म्हातारी डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "काय तरी भयंकर आसतलो गो तो किरण."

दत्तारामने परतीच्या वाटेवर विडी पेटवली. मग म्हणाला, "मी जल्मभर मरतंय. आणि नाव झाला तुझा."

त्यानंतर जत्रेत एक नवीनच खोड पडली. राळ उडाली, राक्षस झुलायला लागला, की लोक माना वळवून आधी जानकीकडे बघत. इतक्या नजरा अंगावर घेऊन मान खाली घालून बसायची तिला लाज वाटू लागली. एकदा तिने मंगळसूत्र मुठीत धरलं, रामेश्वराचं नाव घेतलं, आणि समोर पाहिलं.

दत्ताराम आडवा पडला होता. विष्णू शंख वाजवत होता. आणि राक्षसाचं पोट, घावने जरा जास्तच खाल्लेलं, संथपणे वर-खाली होत होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर जानकीने मीठ-मोहऱ्या उतरल्याच. सवय कुठे जाते? पण तांब्या पुढे करताना म्हणाली, "मेल्यावर पोट जरा आत घेवा. लोकांका दिसता."