होडीच्या चावीचे सहा फेरे

मालाडच्या आमच्या व्यायामशाळेत एक होडी होती. पाण्यातली नव्हे, जमिनीला बोल्टांनी ठोकलेली. वल्हवण्याचा व्यायाम करायचं ते यंत्र कुणा शेठच्या बंगल्यातून मोडीत निघालं आणि आमच्याकडे आलं. रुळांवर सरकणारी लाकडी बैठक, समोर दोन लोखंडी दांडे, दांडे ओढले की फिरणारं एक चाक आणि चाकाभोवती चामड्याचा पट्टा. पट्ट्याला एक चावी होती. ती जितके फेरे पिळाल तितका पट्टा चाकाला आवळायचा आणि दांडे जड व्हायचे. तालीमबाज पोरं तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत. बसून कसला व्यायाम करायचा, म्हणायची. मीही त्यांच्यातलाच होतो, उजवा खांदा जाईपर्यंत.

अंधेरीच्या एका कारखान्यात मी पत्रा दाबून भाग काढायच्या प्रेसवर होतो. अडुसष्ट सालचा शिमगा नुकताच झाला होता. प्रेसवर डाय चढवताना साखळी घसरली आणि त्या लोखंडी साच्याचं सगळं वजन माझ्या हातावर आलं. हाड जुळलं, पण खांद्यात जोर म्हणून राहिला नाही. साहेब तसा बरा माणूस होता. म्हणाले, "हात आला तर प्रेस तुझीच. नाहीतर स्टोअरमध्ये बस, सामान देत जा. पण काय ते दिवाळीपर्यंत सांग. ती खुर्ची मी जास्त दिवस रिकामी ठेवणार नाही."

मला राग आला. आठ वर्षं प्रेस चालवलेल्या माणसानं खुर्चीत बसून नटबोल्ट वाटायचे? बायको म्हणाली, "अहो, सावलीतलं काम आहे, काय वाईट?" मी तिच्यावर खेकसलो. कारागिराची बायको आहेस, जरा कारागिरासारखा विचार कर, असलं काहीतरी बोललो. ती गप्प बसली. गप्प बसण्यात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं.

व्यायामशाळेचे वस्ताद मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी मला होडीवर बसवलं. पहिला महिना चावी पूर्ण सैल ठेवूनसुद्धा डोळ्यांत पाणी यायचं. श्रावणात एक फेरा पिळून ओढू लागलो. गणपतीत दोन. नवरात्र बसलं तेव्हा तीन. प्रेसवरच्या माझ्या जोडीदाराला वस्तादांनी एकदा मुद्दाम बसवून पाहिलं होतं. तो सहा फेऱ्यांवर आरामात ओढायचा. म्हणजे मला सहापर्यंत जायचं होतं.

खंडेनवमीला व्यायामशाळेत सगळ्या साधनांची पूजा असायची. जो जे वापरतो त्यानं ते घासूनपुसून, तेलपाणी करून ठेवायचं, अशी पद्धत. होडी अर्थातच माझ्या वाट्याला आली. मी रूळ पुसले, सांध्यांत तेल सोडलं. पट्टा पाहिला तर कोरडा पडून त्याला भेगा गेलेल्या. मला त्या चामड्याची माया आली. वाटीभर खोबरेल घेतलं आणि दोन्ही बाजूंनी चोळून चोळून जिरवलं. मग झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. कारखान्यात मशीनच्या पट्ट्याला तेलाचा थेंब लागला तर मी हेल्परचा उद्धार करायचो, कारण तेल लागलं की पट्टा घसरतो. हे मला शिकवायला कुणी नको होतं. पण पूजा होती ना! पूजेत अक्कल कोण चालवतं?

दसरा झाला आणि माझा हात सुटला. चार दिवसांत चौथा फेरा, वसुबारसेच्या आत पाचवा. रोजच्या ओढण्यानं चाक गरम व्हायचं, तेल वर यायचं, पट्टा आणखी गुळगुळीत व्हायचा. मला वाटायचं, खांदा भरतोय. घरी पाण्याची बादली अजून डाव्या हातानंच उचलत होतो, पण ती सवय आहे अशी मी माझी समजूत घातली. सहावा फेरा पिळला त्या दिवशी मी सगळ्यांना पेढे वाटले. वस्तादांनी पेढा घेतला आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं, स्टोअर नको, हात आला. त्यांनी ती खुर्ची आठवड्याभरात दुसऱ्याला दिली. दिवाळीनंतर मी प्रेससमोर उभा राहिलो. डायचे बोल्ट आवळायला पान्यावर जोर दिला, हात थरथरला आणि पाना खाली पडला. तीन दिवस तेच झालं. चौथ्या दिवशी साहेब म्हणाले, "घरी जा." मी स्टोअरचं विचारलं. "तूच नको म्हणालास ना?" म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

तसाच व्यायामशाळेत गेलो आणि होडीचा पट्टा सोडला. आतून काळा, तुपात बुडवल्यासारखा. वस्ताद कपाटाकडे गेले आणि नवाकोरा पट्टा घेऊन आले. विकत आणून ठेवलेला होता.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"पाचव्या फेऱ्याक."

"आणि बोलला नाहीत?"

"कसा बोलू रे मेल्या? इतक्या महिन्यांनी हसत होतास."

आम्ही दोघांनी मिळून नवा पट्टा चढवला. मी तीन फेरे पिळले. दांडे जागचे हलले नाहीत. दोन केले, तरी नाही. हलक्या पट्ट्यावर ओढून ओढून होता तो जोरही मी घालवून बसलो होतो. वस्तादांना मी त्या दिवशी नको नको ते बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुन्हा त्या व्यायामशाळेची पायरी मी चढलो नाही.

हात पुढेही आला नाही. कधी इथे राखणीला, कधी तिथे दुकानात, असं करत राहिलो. घर बायकोच्या शिलाई मशीनवर चाललं. एवढ्या वर्षांत तिनं एकदाही स्टोअरच्या त्या खुर्चीचं नाव काढलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून. एकदा तरी तोंडावर बोलली असती, तर मी तिच्यावर ओरडलो असतो आणि मग निदान रडलो असतो.