एका नथीचे अठरा फोटो

कामोठ्यात सुकी मासळी घ्यायची तर रंभाबाईंकडेच, आणि घेताना दोन शब्द ऐकून घ्यायचे, हे आमच्या सेक्टरमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. बोंबील नाकाशी धरलात तर लगेच, "बोंबील हाय तो, अत्तर नाय!"

मागच्या निवडणुकीत मी मतदान कार्डाचा मोबाइलमधला फोटो घेऊन ऐटीत रांगेत उभा होतो. तिथला साहेब काही बोलायच्या आत रंभाबाईंनीच मला घरी पिटाळलं. "कार्ड हातात पायजे. मोबाइल कोनाचाबी असतो." मी चडफडत गेलो आणि कार्ड घेऊन आलो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कार्ड सक्तीचं असावं की नसावं यावर दर निवडणुकीला हमरीतुमरी होते, पण रंभाबाईंपुढे ती सगळी पोरकट.

त्यांच्या या हट्टाचं कारण चाळीस वर्षांपूर्वीचं. लग्न होऊन त्या कामोठे गावात आल्या, पहिल्यांदा मत द्यायला गेल्या, तर त्यांच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलेलं. तेव्हा कार्डबिर्ड नव्हतं, गावातला माणूस ओळख पटवायचा. तो माणूस म्हणजे त्यांचे थोरले दीर तुळशीराम, एका पक्षाचे पोलिंग एजंट. आता घरातली रीत अशी की थोरल्या दिरासमोर सुनेने पदर पुढे ओढायचा आणि दिराने मान वर करायची नाही. एका छपराखाली वर्ष काढूनही तुळशीरामांनी भावजयीचा चेहरा धड पाहिलेला नव्हता. त्या दिवशी रंभाबाईंच्या नावावर आलेल्या बाईचंही तसंच हिरवं लुगडं, पुढे ओढलेला पदर, उंची तेवढीच. म्हणाले, "आमचीच हाय."

रंभाबाई घरी येऊन ढसाढसा रडल्या. सगळ्यांनी समजूत घातली, एका मताने काय होतंय. त्या दिवसापासून त्या दिराशी थेट एक शब्द बोलल्या नाहीत. काही सांगायचं असेल तर पोरांना सांगायच्या, पोरं नसतील तर भिंतीला. तुळशीराम एजंट राहिले ते राहिलेच, आणि "गावात वळख लागते, कागद नाय" हे पालुपदही त्यांनी सोडलं नाही.

पुढे फोटोच्या कार्डांचं शिबिर शाळेत लागलं. रंभाबाईंनी स्वतःला धरून आळीतल्या अठरा बायका तिथे नेऊन उभ्या केल्या. आयुष्यातला पहिला सरकारी फोटो, तो काय भुंड्या नाकाने काढायचा? म्हणून आपली मोठी नथ त्यांनी पाळीपाळीने सगळ्यांच्या नाकात चढवली. एकीचा फोटो झाला की नथ दुसरीला. फोटो काळेपांढरे आणि धुरकट. आले तेव्हा अठरा नथी तेवढ्या स्पष्ट, मागे कोण आहे ते ज्याचं त्याने ताडावं.

इतकी वर्षं ते खपून गेलं. यंदा महापालिकेच्या निवडणुकीला खपेना. मी रांगेत रंभाबाईंच्या मागेच होतो. केंद्रावरचे साहेब बाहेरगावचे आणि नियमाला चिकटून चालणारे. आळीतल्या दोघी मत देऊन गेल्या. तिसरी शांती, रंभाबाईंची शेजारीण. तिचं कार्ड पाहून दीपेश नावाचा दुसऱ्या पक्षाचा तरुण एजंट उठला.

"सर, तिघींचा फोटो सेम आहे. माझं ऑब्जेक्शन लिहून घ्या."

साहेबांनी कार्ड उजेडात धरलं. फोटोत नथ, ठसठशीत कुंकू, भरलेले गाल. समोर मोकळ्या कपाळाची, गाल बसलेली बाई. शांतीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती.

"दुसरं काही आणलंय? आधार?"

"लेकीनं पळस्प्याला नेलाय," शांती पुटपुटली. "बँकेचं काम व्हतं."

"मी वळखते ना हिला!" रंभाबाई मागून गरजल्या आणि पुरावा म्हणून आपलं कार्ड पुढे केलं.

साहेबांनी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली. "आजी, तुमच्यावरही तोच फोटो आहे."

मला हसू आवरेना. पण शांती मागे वळली. "जाऊ दे रंभा. एका मतानं काय व्हतंय? मी जाते घरा."

रंभाबाईंचा चेहरा पडला, आणि माझं हसू मावळलं. त्यांनी शांतीचा दंड पकडला. एजंटांच्या बाकावर तुळशीराम यादीत डोकं घालून बसले होते. ज्यांच्या ओळखीला ही बाई जन्मभर नावं ठेवत आली, त्यांनी आपणहून तोंड तरी कशाला उघडावं? रंभाबाई दोन क्षण घुटमळल्या. मग म्हणाल्या, "भावोजी, तुमी सांगा. तुमी वळखता शांतीला."

सगळी रांग माना वळवून बघू लागली. हे दोघं बोलत नाहीत हे निम्म्या गावाला पाठ होतं.

तुळशीराम हळूच म्हणाले, "ही शांती. हिचा नवरा मिठागरावर माज्या जोडीला व्हता. हिच्या लग्नात मी वाढाय व्हतो. लिवा साहेब, मी सही करतो."

दीपेश खाली बसला. शांतीच्या बोटाला शाई लागली.

मग रंभाबाई पुढे झाल्या. साहेबांनी पुन्हा ती नथ पाहिली, उसासा टाकला आणि तुळशीरामांकडे वळले. "आणि या?"

तुळशीराम उठून उभे राहिले. चष्मा पुसून पुन्हा लावला आणि भावजयीच्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं.

"हिला एकदा न बघताच वळखली व्हती, साहेब. चूक माजी व्हती. आज बघून सांगतो. ही माजी धाकटी भावजय, रंभा."

"येवढं बोलाय चाळीस वर्सं लागली का वो, भावोजी?" रंभाबाई म्हणाल्या. एका हाताने त्यांनी डोळे टिपले आणि दुसऱ्या हाताचं बोट शाईसाठी पुढे केलं.