तामेकिचीचा दगड

हिसानोबाई आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात राहतात. वय एकोणऐंशी. रोज सकाळी सहाला गुडघ्यांना गादीचे तुकडे बांधून त्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लहानशा देवळात जातात आणि बागेत हिरवळीसारखं जोपासलेल्या शेवाळात उगवलेलं गवत बांबूच्या काडीनं एकेक करून उपटतात.

"मास्तर, तुमच्या वर्गात चाळीसच पोरं होती," त्या मला म्हणतात. "माझ्या वर्गात लाखभर आहेत, आणि एक सरळ बसेल तर शपथ."

क्योतोत नावाजलेली देवळं पुष्कळ. हे त्यांतलं नव्हे. दिवसाला दहा-बारा माणसं येतात, पडवीत बसून पुढची वाळूची बाग बघतात आणि हळू आवाजात बोलत निघून जातात. मागे आणखी एक बाग आहे. तिकडे जाणारी फरशांची वाट अकरा वर्षं बंद होती. दार नाही, पाटी नाही. पहिल्या फरशीवर फक्त कवठाएवढा एक दगड, काळ्या काथ्याच्या दोरीनं चारी बाजूंनी बांधलेला. असा दगड दिसला की पुढे जायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि या देवळाची रीत अशी की ज्यानं दगड ठेवला, त्यानंच तो उचलायचा.

ठेवला होता हिसानोबाईंच्या नवऱ्यानं, तामेकिचीनं. तो देवळाचा माळी. अकरा वर्षांपूर्वी रानडुकरांनी मागची बाग उकरून टाकली. त्यानं शेवाळाचा तुकडा न् तुकडा पुन्हा बसवला आणि सांगितलं, "जमीन धरेपर्यंत कुणी पाऊल टाकायचं नाही." त्याच हिवाळ्यात एके दिवशी अंघोळ करून तो बाहेर आला आणि बसल्या जागी गेला.

हिसानोबाईंनी काम हाती घेतलं. माळ्यासाठी असलेल्या बाजूच्या वाटेनं त्या मागच्या बागेत जात, पानं झाडत, गवत काढत. बघायला कुणीच नसे. दगड जागचा हलला नाही.

यंदाच्या शरदात देवळाचे थोरले गुरुजी, एशुन, अंथरुणाला खिळले. वर्षअखेर गाठणं कठीण, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी सलगमचं लोणचं घेऊन भेटायला गेलो.

"मागचे मेपल लाल झाले असतील," ते म्हणाले.

"बघायला जायचं? तुमचा मुलगा नेईल की."

"तामेकिचीचा दगड आहे तिथं."

"गुरुजी, देऊळ तुमचं आहे."

"म्हणून तर. मीच ओलांडला तर बाकीच्यांनी का थांबावं?" त्यांना धाप लागली. "आणि हिसानोकडे विषय काढू नका. तिच्याकडे त्याची तेवढीच खूण उरलीय."

मी त्यांचं ऐकलं नाही. तडक हिसानोबाईंकडे गेलो. त्या वाळवणासाठी पर्सिमनची फळं सोलत होत्या.

"काय मास्तर, अख्खा वर्ग नापास झाल्यासारखा चेहरा केलाय?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"शेवाळ तिसऱ्याच वर्षी भरलं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"गुरुजी विचारतील म्हणून मी थांबले. ते बोलले नाहीत. म्हटलं, त्यांना मागची बाग निवांत हवी असेल. आपण कशाला तोंड उघडायचं?"

"आणि ते तुमच्यासाठी थांबले."

"अकरा वर्षं! दोन म्हातारी माणसं, आणि अक्कल दोघांनाही नाही." त्या हसल्या. "खोटं कशाला बोलू? दगड होता तोवर वाटायचं, काम त्याचंच चाललंय. मी नुसती हाताखाली."

त्यांनी स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले.

"पण दोरी कुजते हो, मास्तर. पाच वेळा कुजली, पाचही वेळा मीच बांधली. म्हणजे आता ठेवणारी मीच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलानं गुरुजींना पाठीवर घेतलं. फरशांवरून चाकाची खुर्ची जाण्यासारखी नव्हती. दगडापाशी गुरुजींनी त्याला थांबवलं. हिसानोबाई गुडघे टेकून बसल्या, वाकल्या आणि दोन्ही हातांनी दगड उचलला.

"जड आहे हो."

"ठेवणाराही तसाच होता," गुरुजी म्हणाले.

मागे ओढ्यापर्यंत शेवाळ पसरलं होतं. वर मेपल पेटलेले, खाली एक पान नाही. गुरुजी मुलाच्या खांद्यावर हनुवटी टेकून बघत राहिले. मुलाचे पाय भरून आले असणार. तो हलला नाही.

"हिसानो," गुरुजी अखेर म्हणाले, "तामेकिचीच्या हातचं शेवाळ इतकं दाट नव्हतं."

नवऱ्याच्या अंत्यविधीला मी या बाईंना रडताना पाहिलं नव्हतं. आताही त्या रडल्या नाहीत. पाठ वळवून खाली बसल्या आणि नसलेलं गवत शोधू लागल्या.

गुरुजी डिसेंबरच्या नऊ तारखेला गेले.

वाट आता उघडी आहे. लोक फरशीच्या कडेबाहेर पाय टाकतात आणि हिसानोबाई त्यांच्यावर ओरडतात. परवा एका जोडप्यानं त्यांना विचारलं, "आजी, ही बाग कुणाची?"

त्यांनी काडीची माती पुसली.

"आधी नवऱ्याची होती," त्या म्हणाल्या. "आता माझी."