हिरव्या पडद्यासमोरची बाई

फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत ती एकवीस वर्षं एडिटिंग करत होती. खाली स्टुडिओवाला गिऱ्हाइकं सांभाळायचा. वर ती लोकांची लग्नं, वाढदिवस आणि शाळांची संमेलनं कापून-जोडून सारखी करायची. तिचं नाव कागदोपत्री असेल तेवढंच, सगळे तिला एडिटरबाई म्हणत. वय चोपन्न. लग्न केलं नव्हतं. "इतकी बघितल्यावर स्वतःचं कशाला?" असं ती म्हणायची आणि ऐकणारा हसून मोकळा व्हायचा.

निम्म्या शहराशी तिची एकतर्फी ओळख होती. कुणाची आत्या फोटोत पुढे घुसते, कुठला मामा भाषण लांबवतो, सगळं तिला पाठ. एकदा बसस्टॉपवर एक मुलगी दिसली. त्या मुलीच्या लग्नावर तिने दीड महिना घालवला होता, त्यामुळे ती अगदी आपल्या माणसाकडे बघून हसावं तशी हसली. मुलगी गोंधळली. "आपण कुठे भेटलोय का?"

"नाही," एडिटरबाई म्हणाली. ते खरंच होतं.

एका दुपारी चाळिशीचा एक माणूस जिना चढून वर आला. त्याच्या मोबाइलमध्ये चार मिनिटांची क्लिप होती. हॉस्पिटलच्या खोलीत त्याच्या वडिलांचा वाढदिवस. त्यानंतर अकरा दिवसांनी वडील गेले होते.

"कावीळ झाली होती," तो म्हणाला. "बघा ना, कसे पिवळे दिसतायत. डोळेसुद्धा. मला हे बघवत नाही. आमचे बाबा असे नव्हते हो. काळं-पांढरं करून द्याल? जुन्या सिनेमासारखं, कडक?"

"ठेवून जा," ती म्हणाली. "नीट करते."

नुसता रंग काढून टाकणं एका बटणाचं काम. पण तसं केल्यावर सगळंच राखाडी झालं, चेहरा, भिंत, चादर, सगळं एकाच छटेचं. मग तिने चित्रातले लाल, हिरवा आणि निळा हे रंगांचे थर वेगळे केले. निळ्या थरात म्हातारा आणखीच आजारी दिसत होता. पिवळेपणाचा सगळा डाग तिथे काळवंडून बसला होता. लाल थरात मात्र तो डाग नव्हताच. कातडी उजळली, डोळे पांढरे झाले. तिने निळा पार उतरवला आणि लाल चढवला. खाटेमागचा हॉस्पिटलचा हिरवा पडदा आपोआप गडद झाला. मग उजेड आणखी वर, अंधार आणखी खाली. पडदा, सलाइनचा स्टँड, खाट, सगळं काळ्यात बुडालं आणि मधोमध एक देखणा म्हातारा हसत राहिला.

चार मिनिटांच्या त्या क्लिपवर तिने दोन दिवस घालवले. मुलगा बघायला आला आणि खुर्चीतच रडला. "हेच," म्हणाला. "हेच आमचे बाबा." जाताना त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्या संध्याकाळी तिने खोलीला कुलूप लावलं, पण किल्ली हातात धरून ती बराच वेळ जिन्यात उभी राहिली.

चार दिवसांनी सत्तरीच्या एक बाई कठड्याला धरत वर आल्या. त्याच मुलाची आई. दम खाऊन झाल्यावर त्यांनी मोबाइल पुढे केला.

"यात मी कुठे आहे?"

एडिटरबाईने क्लिप लावली. "काकू, तुम्ही होतात त्या खोलीत?"

"होते म्हणजे? शेजारीच उभी होते. पडद्याला लागून, त्याच्या सावलीत. हिरवा स्वेटर होता अंगात."

दुसऱ्या मिनिटाला काळोखातून चमचा धरलेला एक हात मनगटापर्यंत बाहेर आला, त्याने म्हाताऱ्याला घास भरवला आणि तो परत काळोखात गेला.

"एवढीच उरले बघ," काकू म्हणाल्या. "आणि हे सारखे उजवीकडे बघून हसतायत ना, ते माझ्याकडे. आता वाटतंय, भिंतीशी बोलतायत. मुलाला म्हटलं, तर तो म्हणतो, आई, बाबा किती छान दिसतायत ते बघ. छान दिसतायत. मी कुठे नाही म्हणतेय?"

एडिटरबाईला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती क्लिप तिने पन्नासदा तरी बघितली असेल. म्हातारा बाजूला का बघतो, हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "बसा. परत करू."

मूळ क्लिप उघडून तिने काकूंच्या भोवती रेघ ओढायला घेतली, म्हणजे तेवढाच भाग अंधारातून वर काढता येईल. पण काकू चार मिनिटांत एक क्षण स्थिर नव्हत्या. चादर सारखी कर, तोंड पूस, उशी उचल. रेघ फ्रेमफ्रेमला हलवावी लागत होती. तीन दुपारी गेल्या त्यात. काकू रोज यायच्या, स्टूल ओढून शेजारी बसायच्या आणि सूचना करायच्या.

"तो खांदा माझा नाही, उशीचा आहे."

"उशीला खांदा असतो का काकू?"

"या उशीला होता. फार कडक उशी."

दोघी हसल्या. तिसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण असतं गं?"

"मीच."

काकूंनी नुसती मान हलवली. त्यांनी कीव केली नाही हे तिला बरं वाटलं.

अंधार उपसल्यावर काकूंची आकृती वर आली खरी, पण दाणेदार. वाळूवर काढल्यासारखी. "याहून साफ नाही व्हायची," एडिटरबाई अपराधी आवाजात म्हणाली.

"नको. मी आहे ना त्यात? बास."

त्यांनी क्लिप दोनदा बघितली. निघताना म्हणाल्या, "येईन गं मधूनमधून." पुढच्या आठवड्यात एडिटरबाई दुपारी जिन्याकडे कान देऊन बसायची. मग मुलाचा मेसेज आला. क्लिप मिळाली, धन्यवाद, आई आता बहिणीकडे राहायला गेली आहे, दुसऱ्या शहरात. तिने त्याच्याकडे काकूंचा नंबर मागितला. त्याने लगेच पाठवला. दोनदा तिने फोन हातात घेतला. काय म्हणून करायचा ते ठरेना, तेव्हा तो तसाच राहिला.

त्यानंतर एका शाळेच्या संमेलनाचं काम आलं. एरवी असं काम ती आठवड्यात उरकायची, पण यावेळी लांबलं. ती चौकटीच्या कडा बघत बसायची. स्टेजच्या कोपऱ्यात, पडद्याआड, एक बाई गुडघ्यांवर बसून नाचातल्या मुलीच्या बुटाची नाडी बांधत होती. तो तुकडा तिने सात सेकंद ठेवला.

स्टुडिओवाला वर येऊन बघत होता. "ही कोण?"

"माहीत नाही."

"मग काढ की. नाचात नाही, बक्षिसात नाही."

"राहू दे," ती म्हणाली आणि पुढचा नाच जोडायला घेतला.