दुधी आवडायला लागला तेव्हा

आमचा टेंपो अर्नाळ्यातून निघाला तेव्हा आई अशी रडली, की समोरच्या काकूंना वाटलं मी मस्कतला चाललोय. चाललो होतो वसईला. उमेळ्याच्या बाजूला एक वाडी तोडून नवी बिल्डिंग उभी राहिली होती, तिच्या दुसऱ्या मजल्यावर वन रूम किचन. एसटी वेळेवर मिळाली तर घरापासून दीड तास. पण आमचं घर होडीचं. आमच्यात जो कोणी घरातून निघाला तो समुद्रावर निघाला आणि परत आला. कपाट, पलंग आणि बायको घेऊन निघणारा मी पहिलाच.

"तिथं पानी कसलं असंल, म्हावरं मिळंल का ताजं," आई टेंपोच्या फळीला धरून म्हणत होती. थोरला भाऊ, दादा, दोर आवळत होता. कपाटाला त्याने होडीच्या गाठी मारल्या, त्या सोडवायला मला पुढे दोन दिवस लागले. शेवटी आईने पदराखालून कॉफीची एक जुनी बाटली काढली आणि सुलभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हातात कोंबली. "मसाला हाय. लागंल तेव्हा काढ." बाटलीला फडकं बांधलेलं होतं. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी टेंपोत पुढे बसायला मिळतंय का ते बघत होतो.

अर्नाळ्यात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं सामान बांधून निघालेल्यांनो, ती बाटली तेवढी लक्षात ठेवा.

वालीवला एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. काम बसून. आलेला माल लिहायचा, गेलेला माल लिहायचा, मधल्या वेळात वडापाव. घरी आलं की तळलेली मांदेली आणि वर भाताचा डोंगर. गावात असताना हेच खात होतो, पण तिथे सुट्टीच्या दिवशी दादा होडी ओढायला लावायचा. फ्लॅटमध्ये ओढायला फक्त पडदे होते. सहा वर्षांत मी असा फुगलो, की कारखान्याच्या माल तोलायच्या काट्यावर एकदा गंमत म्हणून उभा राहिलो तर ब्याण्णव किलो भरलो. हेल्पर लोकांना आयतंच मिळालं. रोज सकाळी कोणीतरी विचारायचं, "साहब, आज का माल कितना उतरा?"

मग एकदा जिना चढताना दुसरा मजला चौथा वाटला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, कागद बघून मान हलवली. म्हणाले, तळलेलं कमी करा, भात कमी करा, भाज्या वाढवा, चाला. मासे सोडा असं ते म्हणालेच नव्हते. ते मी म्हणालो. मला अर्धवट काही करता येत नाही. घरी येऊन मी जाहीर केलं, "आजपासून मासे बंद. फक्त भाजी."

सुलभा आगाशीची, वाडीवाल्यांची मुलगी. वांगी-वालाच्या शेंगांत वाढलेली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती म्हणाली, "जमेल तुम्हाला?"

तिचं बरोबर होतं. आमच्या घरी भाजी भाजी म्हणून कधी शिजलीच नाही. वांग्यात सुकट, दुधीत करंदी, शेवग्यात कोळंबी. नुसत्या भाजीला आई 'पाला' म्हणायची आणि दादा तो बकरीपुढे टाकायचा. पहिले आठ दिवस मी दुधी, पडवळ, कोबी पाण्याच्या घोटाबरोबर गोळीसारखं गिळलं. नवव्या दिवशी ताट सरकवलं आणि म्हणालो, "मेलो तर तळलेला बोंबील खाऊन मरीन."

आणि दहाव्या दिवशी चमत्कार झाला. तोच दुधी, तीच कढई, पण घास घशाखाली आपण होऊन उतरला. मी अजून थोडा मागितला. सुलभाने वाढला आणि लगेच पाठ फिरवून ओटा पुसायला लागली. मला वाटलं, आनंदाने डोळे भरले असतील.

त्यानंतर माझं विमान सुटलं. पडवळ आवडायला लागलं. गवार आवडायला लागली. कारल्याशी मैत्री झाली. पहाटे उमेळ्याच्या रस्त्याने चालायला जायला लागलो. केळीच्या वाड्या दर महिन्याला एक-एक बिल्डिंगने मागे सरकत होत्या आणि माझं पोट त्यांच्याबरोबर सरकत होतं. वर्षभरात ब्याण्णवचे चौऱ्याहत्तर झाले. सोसायटीतले लोक सल्ला विचारायला यायला लागले. मी गच्चीवर खुर्ची टाकून सांगायचो, "जिभेला शिकवावं लागतं हो. ती लहान मुलासारखी असते. मी माझ्या जिभेला दहा दिवसांत शिकवलं." तळमजल्यावरचे कुलकर्णी, जन्माचे शाकाहारी, तेही ऐकून घ्यायचे. त्यांची आयुष्यभराची भाजी माझ्यापुढे फिकी पडली होती.

महिन्या-दोन महिन्यांनी दादा किंवा गावचं कोणी कामाला येई तेव्हा आईची कॉफीची बाटली येई. भरलेली येई, रिकामी जाई. मसाला. मी विचारलं नाही. मसाला हे बायकांचं खातं.

खरा घोळ नारळी पौर्णिमेनंतर झाला. आमच्या घरची रीत अशी, की पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीनंतर होडी पहिल्यांदा समुद्रावर गेली की पहिल्या म्हावऱ्याचं कालवण सगळ्या घराने एका पंगतीला बसून खायचं. लग्न होऊन गेलेल्या बहिणीसुद्धा येतात. आजारी माणसाच्या ओठाला निदान रस्सा लावतात. त्या पंगतीत मी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. त्यात दुधी.

आईचा वाढता हात थांबला.

"डॉक्टरने सांगितलंय," मी खोटं बोललो.

"रस्सा तरी घे. बोट बुडव."

"नको आये. आता मला चालत नाही." आणि मी डबा उघडून, सगळ्यांना दिसेल असा, पहिला घास खाल्ला. भाजीवर भाषणही केलं थोडं. ते आता आठवत नाही, म्हणजे आठवतं, पण लिहवत नाही.

दादा ताटावरून उठला. "आमच्या घराचा वास यायला लागला तुला," तो म्हणाला. "फ्लॅटवाला झाला." त्यानंतर कित्येक महिने तो माझ्याशी बोलला नाही. मी गेलो की तो जाळी विणायला मागच्या दारी जायचा. पण बाटली येतच होती. गावच्या कोणाच्या तरी हाताने, फडकं बांधून.

त्याच हिवाळ्यात आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. दोन महिने चुलीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही. आणि त्याच दोन महिन्यांत सुलभाचा हात बिघडला. दुधी ओल्या रद्दीसारखा लागायला लागला. पडवळ तर पडवळच लागायला लागलं. पंधरा दिवस मी सोसलं. मग एका रविवारी दुपारी ताट पुढे ढकललं. "सुलभा, लक्ष कुठे असतं तुझं? तुझ्या हाताची चव गेली."

ती स्वयंपाकघरात गेली, कॉफीची रिकामी बाटली घेऊन आली आणि माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"माझ्या हाताची नाही गेली. आईंचे डोळे बंद आहेत म्हणून ही आली नाही."

मी हुंगून बघितलं. मला काहीच वास येईना. "कसला मसाला असतो हा?"

"जवळा," ती म्हणाली. "भाजून, मिरची-खोबऱ्याबरोबर कुटलेला. दहाव्या दिवसापासून. प्रत्येक भाजीत एक चमचा."

जवळा. वाळवलेली ती बोटभरसुद्धा नसलेली कोळंबी, आमच्या आळीत दर उन्हाळ्यात वाळूवर पसरलेली असते ती. लहानपणी मी त्यावर फक्त झोपायचं बाकी ठेवलं होतं. तो वास मला वास म्हणून कधी माहीतच नव्हता. जेवणाचा वास असाच असतो, असं मी समजत होतो. म्हणजे दीड वर्ष मी गच्चीवर खुर्ची टाकून जे सांगितलं, कुलकर्ण्यांना जे सुनावलं, ते सगळं एका चमच्यावर उभं होतं. आणि भर पंगतीत, पहिलं म्हावरं नाकारून, सगळ्यांदेखत जो घास मी खाल्ला, त्यातही जवळाच होता. आणि आई ते बघत उभी होती.

मी त्या रविवारी जेवलो नाही. पुढच्या रविवारी अर्नाळ्याला गेलो. आई ओट्यावर हिरवा चष्मा लावून बसली होती. मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. "आये, तू मला फसवलंस," एवढंच बाहेर पडलं.

"कोन, सुलभा बोलली का?" आई अजिबात दचकली नाही. "तिला बोलले होते, सांगू नको. पोरगं उपाशी ऱ्हाईल म्हनून दिला. नवव्या दिवशी रडत आलेली ती माज्याकडं. तुजा हट्ट मना ठाऊक नाय?"

"माझी फजिती झाली. मी लोकांना सांगत सुटलो."

"तू कवा नाय सांगत सुटत?"

मागच्या दारातून दादा आला. त्या पंगतीनंतर पहिल्यांदा माझ्यासमोर उभा राहिला. मी म्हणालो, "तुला माहीत होतं?"

"जवळा कोनाच्या जाळ्याचा होता?" तो म्हणाला. "तू डबा उघडलास तेव्हा आख्ख्या पंगतीला आपल्या घराचा वास आला. तुलाच नाय आला. आणि तू आमच्याच तोंडावर नाय म्हटलास."

"मग बोलला का नाहीस?"

"आयेनं शपथ घातलेली."

सगळ्यांना ठाऊक होतं. बहिणींना, भाचरांना. बायको, आई, भाऊ, सगळे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मी आणि माझा डबा. मला इतका राग आला, की मी तिथल्या तिथे दुसरी शपथ घेतली. "आता बाटली पाठवू नका. खरी भाजी खाऊन दाखवतो." चष्म्याआडून आईला नीट दिसत नव्हतं, पण तिने तोंड माझ्याच दिशेने धरलं होतं.

आणि मी खाल्ली. कौतुकासाठी नाही, वजनासाठी नाही, निव्वळ सूड म्हणून. जिरं, हिरवी मिरची, चण्याची डाळ घातलेला दुधी. सुलभा वाढायची आणि माझं तोंड बघायची. मी तोंड हलवायचो आणि तिच्याकडे बघायचो नाही. एक महिना गेला, दोन गेले. वजन तेवढंच राहिलं. गच्चीवरची खुर्ची मात्र मी खाली आणली.

मग एका संध्याकाळी, कारखान्यातून आल्यावर, मी दुधी दुसऱ्यांदा मागून घेतला. मागितल्यावर लक्षात आलं. थांबून चावून बघितला. गोडसर होता. मऊ होता. त्याला त्याची स्वतःची एक चव होती, आणि ती मला आवडली होती. मला आनंद व्हायला हवा होता. मी सुलभाला काही बोललो नाही.

आईचे डोळे बरे झाले. तिने माझं न ऐकता पुन्हा बाटली भरली, आणि या वेळी दादा स्वतः घेऊन आला. चहा न घेता गेला, पण बाटली माझ्या हातात दिली. सुलभाने ती स्वयंपाकघरात नेली. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो.

"कसला वास येतोय गं?" मी विचारलं.

मी उठून दारात गेलो. ती बाटलीचं झाकण हातात धरून माझ्याकडे बघत होती.

टेंपो निघाला त्या दिवशी मी घर सोडलं असं मी इतकी वर्षं समजत होतो. नाही. टेंपोत कपाट गेलं, पलंग गेला. मी गेलो तो त्या स्वयंपाकघराच्या दारातून. बायकोने फसवलं, आईने फसवलं, भावाने गप्प राहून फसवलं, ते सगळे मला धरून ठेवायला. माझ्या जिभेने मात्र कोणाला न विचारता मला सोडून दिलं. जिला मी दहा दिवसांत शिकवलं म्हणत होतो, ती गुपचूप खरंच शिकली होती.

पुढच्या पंगतीला मी डबा नेला नाही. पहिल्या म्हावऱ्याचं कालवण जेवलो. आईने ताटाजवळ बसून विचारलं, "मसाला लागतो ना बरोबर? कमी-जास्त नाय ना झाला?"

"बरोबर लागतो," मी म्हणालो. "त्याशिवाय मला घास उतरत नाही, आये."

"बघ," आई सगळ्या पंगतीकडे बघत म्हणाली, "मी बोलले नव्हते?"

दादाने माझ्याकडे बघितलं. तो हसला नाही. कालवणाचं पातेलं उचलून त्याने माझ्या भातावर आणखी एक पळी ओतली. आई होती तोवर आमच्याकडे बाटली येत राहिली, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडलं की मला वास येत राहिला. तरी चमचाभर मी घालायला लावायचोच. आता घर म्हटलं की मला एवढंच आठवतं. त्या पंगतीत बसून, आईच्या तोंडाकडे बघत, 'बरोबर लागतो' म्हणणं.