खळ वाळेपर्यंत

रस्त्यावर रोलर चालवणाऱ्या माणसाच्या पोटी अशी मुलगी यावी, हा निसर्गाचा विनोदच म्हणायचा. बाप रोलरवर बसला की कडेनं काठी टेकत चाललेली म्हातारीसुद्धा त्याच्या पुढे निघून जाई आणि वळून विचारी, "काय रे, आज पोचशील ना?" आणि मुलगी अशी, की हाक अंगणात मारावी तर ओ गच्चीवरून यावी. पायाला भिंगरी बांधूनच जन्मली होती, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. शाळेच्या हजेरीत दुसरं नाव होतं, पण ते मास्तरांपुरतं.

भिंगरीला डोकं होतं, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. खोट एकच. हाती घेतलेलं काम तिनं कधी तडीस नेलं नाही. घरातला रेडिओ तिनं खोलला, त्यात आवाज कुठून येतो ते शोधून काढलं, आणि मग तो तसाच उघड्या पोटानं फळीवर पडून राहिला. विणायला घेतलेल्या स्वेटरला एकच बाही होती. आत्या म्हणायची, "जेवायला बसते ते तेवढं पुरं करते, नशीब आपलं!" आत्याची जीभ म्हणजे पाजळलेली विळी. पण ती खोटं बोलत नसे, म्हणून जास्त लागायचं.

आज ही भिंगरी हवामान केंद्रात मोठ्या जबाबदारीच्या जागेवर आहे. तिनं सांगितलेला वारा तिनं सांगितलेल्या दिशेनंच येतो. पण माणूस मोठा झाल्यावरचं काय सांगायचं, ते सगळ्यांना दिसतंच. सांगण्यासारखा आहे तो तिच्या सोळाव्या वर्षातला उन्हाळा.

दूरच्या शहराबाहेर लष्करी अकादमी होती. उन्हाळ्यात तिथले छात्र सुट्टीवर जात, तेव्हा त्यांच्या रिकाम्या बराकींत शाळकरी मुलामुलींसाठी विज्ञानाचं शिबिर भरे. ठिकठिकाणची हुशार पोरं निवडून घेत. भिंगरीची निवड झाली आणि घरात आनंदाला उधाण आलं. आत्यानं मात्र पेटीत कपडे भरणाऱ्या वहिनीचा, म्हणजे भिंगरीच्या आईचा, हात धरला. "दोन जोड बास झाले गं. तिसऱ्या दिवशी परत यायचीये ती."

बाप दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. तो म्हणाला, "सगळे भर."

तेवढंच म्हणाला. तो दिवसाला मोजकंच बोलायचा, पण त्याचं बोलणं त्यानं दाबलेल्या खडीसारखं असायचं. जिथं बसलं तिथून हलत नसे.

अकादमीत पहिल्याच सकाळी भिंगरीला कळलं, की इथं विज्ञानाच्या आधी चादर येते. बिगूल वाजला की उठायचं. पलंगावरची चादर अशी ताणायची, की तिच्यावर सुरकुती सापडू नये. पायथ्याशी घोंगडीची घडी, चारी कोपरे काटकोनात. खोलीत काही लोंबता कामा नये, काही पसरलेलं दिसता कामा नये. मग कवायतमास्तर तपासणीला येत. गडी पिळदार, मिशा टोकदार, आणि टोपी अशी घट्ट बसलेली, की ती डोक्यावरच उगवली असावी. त्यांची पावलं ऐकू आली की भिंतीवरच्या पालीसुद्धा सावधान उभ्या राहत, असं पोरं म्हणत.

"ही घडी आहे की गाठोडं?" ते विचारत.

"घडी, सर."

"मग तिला सांगा तसं. तिला माहीत नाही."

विज्ञान शिकवायला मेजरबाई होत्या. त्यांचा आवाज मऊ, पण प्रश्न कडक. हवा गरम झाली की हलकी होते, हे तर सगळ्यांनीच पुस्तकात वाचलं होतं. मेजरबाईंनी सांगितलं, "वाचलंय ना? मग आता उडवून दाखवा." शिबिराचं शेवटचं काम तेच होतं. तिघातिघांच्या गटानं पातळ कागदाच्या लांब पाकळ्या कापायच्या, खळीनं एकमेकींना चिकटवायच्या आणि माणसापेक्षा उंच फुगा करायचा. त्याला बोटाएवढं यंत्र बांधायचं. ते वर जाताना हवेचं तापमान टिपून ठेवणार. फुगा घड्याळाच्या मनोऱ्याच्या वर गेला पाहिजे आणि दोऱ्यानं परत खाली आला पाहिजे. शेवटच्या सकाळी, वारा उठायच्या आत, प्रत्येक गटाला एकच संधी. ज्यांचा फुगा उडणार नाही, त्यांचं शिबिर अपुरं राहिलं असं समजायचं.

'अपुरं' हा शब्द भिंगरीच्या काळजात काट्यासारखा रुतला. तिनं मनाशी ठरवलं, सगळं सोडलं असेल, हे नाही सोडायचं.

तिच्या गटात एक डॉक्टरची मुलगी होती, तिच्याच खोलीतली. गणितात वाघीण, पण झुरळाला भ्यायची. आणि एक उंच मुलगा, ज्याला सगळे शिडी म्हणत. तिघांचं छान जमलं. पाकळ्या कापून झाल्या, चिकटवून झाल्या. शेवटची एक शिवण राहिली तेव्हा संध्याकाळ झाली. मेजरबाई म्हणाल्या, "फुगा इथंच दालनात टांगा. खळ नीट वाळू द्या. उरलेलं उद्या करा."

पण उद्यापर्यंत थांबेल ती भिंगरी कसली? सगळ्यांच्या आधी आपला फुगा तयार व्हावा म्हणून तिनं तो गुपचूप खोलीत आणला. उजाडता उजाडता डॉक्टरच्या मुलीला उठवून दोघींनी शेवटची शिवण चिकटवली. आणि मन भरेना म्हणून भिंगरीनं बाकीच्या सगळ्या शिवणींवरूनही खळीचा एक हात फिरवला. फुगा दोन्ही पलंगांवर ओलाचिंब पसरलेला, आणि बिगूल वाजला.

"अगं, तपासणी!" डॉक्टरची मुलगी किंचाळली.

"घडी कर! पटकन घडी कर!"

इतके दिवस घोंगडीच्या घड्या घालून हात असे तयार झाले होते, की दोघींनी तो ओला फुगा डोळ्याचं पातं लवायच्या आत दुमडला. कोपऱ्याला कोपरा, कडेला कडा. वरून तळहातानं दाबून सपाट केला आणि घोंगडीवर ठेवून दिला. कवायतमास्तर आत आले. त्या पांढऱ्या चौकोनापुढे थबकले, वाकून बघितलं. मिशीखालून चक्क हसू फुटलं.

"शाब्बास! याला म्हणतात घडी. आजचा पहिला नंबर या खोलीचा."

न्याहारीनंतर दालनात तिघांनी ती पहिल्या नंबरची घडी उघडायला घेतली. ती उघडेना. एकदा ताणली तर फाटल्याचा आवाज आला. ओल्या खळीनं पाकळी पाकळीला धरलं होतं, घडी घडीला. फुग्याचं पुस्तक झालं होतं, आणि त्याचं एकही पान उलटत नव्हतं.

शिडी म्हणाला, "उद्याच तर उडवायचाय."

"नवा करू," डॉक्टरची मुलगी म्हणाली.

"कागद कुठाय? कोठारातला संपलाय."

"मग उरल्यासुरल्या कागदात लहान करू. अर्ध्या उंचीचा."

"अर्ध्या उंचीचा केला तर आत आठवा हिस्सा हवा मावेल. यंत्र उचलणार नाही. हे तूच मला शिकवलंस."

भिंगरी उठली आणि तरातरा फाटकाजवळच्या फोनकडे गेली. बाप रस्त्याच्या कामावर होता. मुकादमानं फोन त्याच्या हातात दिला. "बाबा, मला न्यायला या. माझ्यामुळे सगळं वाटोळं झालंय."

पलीकडे रोलरची घरघर ऐकू येत होती.

"बरं," बाप म्हणाला. "दुपारपर्यंत इथलं आटोपतो. संध्याकाळी पोचतो."

समजूत नाही, रागावणं नाही, का कशाला नाही. फोन ठेवल्यावर तिला रडू आलं, कारण अडवणारं कोणीच नव्हतं. पेटी भरून ती दालनाच्या पायरीवर बसली. अख्खा दिवस समोर उभा होता, आणि रिकाम्या हातांनी बसणं तिला जन्मात जमलेलं नव्हतं. आत ते दोघं त्या चौकोनाशी झटत होते. थोड्या वेळानं ती उठून आत गेली.

"पाण्यानं भिजवला तर?"

"लगदा होईल," शिडी म्हणाला.

"वाफेनं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. खळच ती, वाफेनं सैल पडणार. आणि अकादमीत वाफेला काय तोटा? धुलाईघरात छात्रांच्या गणवेशांना वाफेवर कडक घड्या पाडत. किल्ली कवायतमास्तरांकडे होती. भिंगरीनं त्यांच्यापुढे उभं राहून सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे मी शाबासकी दिली ती फुग्याला?"

"हो, सर."

"आणि माझ्या शिस्तीनं त्याचा जीव घेतला?"

"नाही, सर. माझ्या घाईनं."

त्यांनी किल्ली काढून दिली.

धुलाईघरात पितळी नळ्यांतून वाफ फुसफुसत होती आणि भिंती घामेजल्या होत्या. पहिलीच पाकळी भिंगरीनं जरा जोरानं ओढली आणि ती मधोमध फाटली. "तू बाहेर बस बाई!" शिडी कळवळून ओरडला. ती बाहेर गेली नाही. तिनं दीर्घ श्वास घेतला आणि दुसरा कोपरा वाफेवर धरला. आता ती ओढत नव्हती. कागद जेवढा सुटेल तेवढंच बोट पुढे सरकवायचं, मग थांबायचं. पुन्हा वाफ, पुन्हा थांबायचं. पाठ भरून आली, बोटं उकडून लाल झाली. तिच्या उभ्या आयुष्यात ती एवढी हळू कधी चालली नव्हती. सुटलेली पाकळी शिडी दोरीवर वाळत घाली आणि वाळली की पुन्हा शेजारच्या पाकळीला चिकटवी. डॉक्टरची मुलगी फाटलेल्या जागी वहीच्या मधल्या पानांची ठिगळं लावी आणि वजनाचा हिशेब तोंडानं पुटपुटत राही. "बघ हं, एवढंच परवडेल. आता फाडू नकोस."

ऊन उतरलं तेव्हा फाटकावरून निरोप आला, बाप आलाय.

तो अंगावरची धूळ झटकून, हातात टोपी घेऊन उभा होता. कवायतमास्तरांनी विचारलं, "मुलीला न्यायला आलात?"

"बोलावलंय तिनं."

भिंगरी धावत आली. हात कोपरापर्यंत खळीनं माखलेले, केसांत कागदाचे कपटे. "बाबा, आज नाही. उद्या. अजून अर्ध्या शिवणी राहिल्यात."

"बरं," बाप म्हणाला, आणि पाहुण्यांच्या खोलीकडे गेला. पाठमोरा असताना त्याचे खांदे हलल्यासारखे दिसले. तो हसत होता.

फुगा दिवेलागणीला पुरा झाला आणि यावेळी तो दालनात टांगला गेला. कोणी त्याला हातही लावला नाही.

सकाळी मैदानावर गार, निवांत हवा होती. एकेक गट पुढे होत होता. शेगडीवरच्या पत्र्याच्या नळकांड्यातून गरम हवा आत भरली की फुगे गुबगुबीत होत. एक भुर्रकन जळाला. काही मनोऱ्याच्या गच्चीपर्यंत गेले आणि शिवणींतून हवा गळून माघारी फिरले. दोनच मनोरा ओलांडून गेले. भिंगरीचा गट शेवटी. त्यांचा ठिगळांचा फुगा बघून मागून कोणीतरी म्हणालं, "हा उडणार नाही, भीक मागणार!"

हवा भरायला लागली आणि नेमका झेंड्याचा कोपरा हलला. मेजरबाई म्हणाल्या, "वारा उठतोय. आता नाहीतर नाही."

"सोड, भिंगरे!" शिडी ओरडला. "सोड ना!"

भिंगरीनं फुग्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. कागदाच्या पोटात अजून सुरकुत्या होत्या. आत्ता सोडला तर कलंडणार, हे तिच्या हातांना कळत होतं. "थांब," ती म्हणाली. भिंगरी कोणाला 'थांब' म्हणते आहे, हे ऐकून मैदानाच्या कडेला बसलेला तिचा बापसुद्धा उठून उभा राहिला. सुरकुत्या एकेक करून मिटल्या. फुगा तिच्या हाताला हिसका देऊ लागला, खुंट्याला बांधलेल्या वासरासारखा. मग तिनं बोटं उघडली.

तो गेला. डुलला नाही, झुकला नाही, सरळ गेला. शिवणींवर दोनदा खळ बसली होती, त्यातून सुईएवढीही हवा गळत नव्हती. मनोऱ्याचं घड्याळ खाली राहिलं. कबुतरं उडाली, तीही खाली राहिली. शिडीच्या हातातलं रीळ गरगरत सगळं रिकामं झालं तरी फुगा वर ओढतच होता. मघाशी हसलेलं पोरगंच सगळ्यात आधी ओरडलं. कवायतमास्तर मान वर करत करत इतके मागे झुकले, की त्यांची टोपी गवतात पडली आणि ती उचलायचं त्यांना भान राहिलं नाही.

त्या सकाळी सगळ्यांत उंच गेला तो ठिगळांचा फुगा. दोऱ्यानं हळूहळू ओढून तिघांनी तो खाली आणला, यंत्रासकट, जसाच्या तसा. मेजरबाईंनी तिघांची नावं मोठ्यानं पुकारली. टाळ्यांनी मैदान दणाणलं. डॉक्टरची मुलगी भिंगरीच्या गळ्यात पडून रडली.

मग पोरं न्याहारीला पळाली. मैदान रिकामं झालं. बाप भिंगरीची पेटी खांद्यावर घेऊन जवळ आला.

"निघायचं?"

ती गवतात मांडी घालून बसली होती. मांडीवर यंत्र, शेजारी आलेखाचा कागद.

"थांबा, बाबा. वरच्या हवेचे आकडे काढायचे राहिलेत. ते कागदावर मांडल्याशिवाय झालं असं कसं म्हणायचं?"

बापानं पेटी खाली ठेवली आणि तिच्यावर बसला. त्याला घाई नव्हती.